घडीतली ओल

कार्डांच्या फळीवर, त्याच्या पिवळ्या कार्डाच्या शेजारी, ठकीचं कार्ड पांढरं होतं. झालं ते एवढंच. काल संध्याकाळी निघताना तेही पिवळंच होतं, एक कोपरा दुमडलेलं, अंगठ्याच्या घामाने मधोमध काळवंडलेलं. आणि आज सकाळी त्याच खाचेत, त्याच चौदा नंबराखाली, लहान मुलाच्या नव्या दातासारखं कोरं करकरीत पांढरं कार्ड उभं होतं. त्याने आपलं कार्ड घड्याळाच्या फटीत घातलं, घड्याळाने ते चावून परत केलं, मागून कुणीतरी "सरक पुढे, लांबू, रांग खोळंबलीय" म्हणून पाठीत बोट खुपसलं, आणि तो सरकलाही. पायांनी आपलं काम चोख केलं. पण दिवसभर त्याला वाटत राहिलं की आपण अजून त्या फळीसमोरच उभे आहोत, आणि आत गेला तो आपल्या अंगाचा, आपल्या उंचीचा कुणी बदली माणूस.

लांबू हे नाव त्याला या धुलाईघरातच मिळालं होतं. दोन इस्पितळांच्या आणि पाच-सहा हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल इथे धुवायला येत. उन्हाळ्यात हॉटेलं भरत, कायमची माणसं रजेवर जात, आणि त्यांच्या जागी दहा आठवड्यांपुरती कॉलेजातली पोरं घेतली जात. त्यांना पिवळं कार्ड. पिवळ्याला पांढऱ्याच्या निम्मा रोज. काम तेच, घाम तोच, आणि इस्त्रीच्या रोलरचा चटका तर कार्डाचा रंग पाहून बसत नसे. "शिकाऊ आहात," असं पहिल्या दिवशी सांगण्यात आलं होतं. घडी घालायला माणूस किती दिवस शिकतो, असं कुणीतरी विचारलं तेव्हा मुकादमबाई म्हणाल्या होत्या, "काही जन्मभर शिकतात." सगळे हसले होते. मुकादमबाईंच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची एक गुळगुळीत, चमकणारी पट्टी होती, आणि ती पट्टी पाहिली की त्यांच्या कुठल्याही वाक्यावर वाद घालावासा वाटत नसे. त्याच दिवशी त्यांनी हेही सांगितलं होतं की उन्हाळा संपताना पिवळ्यांपैकी एकाला कायम ठेवतील. एकालाच. त्या एका शब्दावर त्याने सात आठवडे काढले होते. कायम झालो तर सकाळी धुलाईघर, संध्याकाळी कॉलेज, एम.ए.चं दुसरं वर्ष. नाही झालो तर काकाचं रंगाचं दुकान, गल्ल्यामागचं ते गोल स्टूल, टर्पेंटाइनचा वास, आणि "साहेब, हाच पिवळा हवा की जरा फिका?" हे वाक्य मरेपर्यंत. काकाने स्टुलावर नवी गादीसुद्धा शिवून घेतली होती.

आणि आता ते एक पांढरं कार्ड त्याच्या शेजारच्या खाचेत जाऊन बसलं होतं.

ठकी त्याची मावसबहीण. त्याच्याहून चाळीस दिवसांनी लहान. तिचं पाळण्यातलं नाव कुणी घेत नसे. जन्मली तेव्हा रंगवलेल्या लाकडी बाहुलीसारखी दिसत होती म्हणून ठकी, ती ठकीच राहिली. मावशी दूरच्या गावी असे. उन्हाळ्यात काम मिळतंय म्हणून ठकी त्यांच्याकडे राहायला आली, बैठकीतल्या सोफ्यावर झोपू लागली, आणि पहिल्याच आठवड्यात घरातल्या वस्तू तिला ओळखू लागल्या. वर्षानुवर्षं कुरकुरणारी न्हाणीघराची कडी तिच्या हाताला मुकाट उघडे. आईच्या हाकेतही एक नवी लय आली होती. पूर्वी आई त्याच्या नावाने हाक मारी; आता हाक ठकीच्या नावाने निघे आणि वाटेत कुठेतरी त्याला गोळा करी. यात ठकीचा दोष काय, असं तो स्वतःला विचारी. आणि ज्या माणसाचा दोष सापडत नाही त्याचा राग किती स्वच्छ, किती टिकाऊ असतो हे त्याला त्या उन्हाळ्यात कळत गेलं. लहानपणी एकदा दोघांना एकाच वेळी गोवर निघाला होता. एकाच खोलीत, पडदे ओढून, दोन खाटांवर दोघं. ती तीन दिवस आधी बरी झाली. दारात उभी राहून, सोललेल्या मोसंब्याची एकेक फोड तोंडात टाकत ती त्याच्याकडे पाहत होती. मायेनेच पाहत होती, खरं तर एक फोड त्याच्यासाठी तिने तळहातावर राखूनही ठेवली होती. त्याला मात्र आठवत होतं ते दार. तिच्या मागचा उजेड आणि त्या उजेडात बाहेर पडायला मोकळे असलेले तिचे पाय. ती फोड त्याने खाल्ली की नाही हे आज आठवत नव्हतं. मत्सराची स्मरणशक्ती अशीच असते. ती दारं जपून ठेवते आणि फोडी विसरते.

धुलाईघरात मोठ्या चादरीची घडी दोघांनी घालायची. रोलरमधून चादर बाहेर येते, गरम, कडक, जळल्याचा पुसट वास घेऊन. एकाने या बाजूची दोन टोकं धरायची, दुसऱ्याने त्या. हात वर, चादर ताणायची, मधे एक पांढरी भिंत उभी राहते आणि पलीकडचा माणूस नाहीसा होतो. मग दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, आणि भिंत खाली येते तसा समोरचा चेहरा वीतभर अंतरावर उगवतो. सात आठवडे, दिवसाला तीनशे वेळा, तो चेहरा ठकीचा होता. कपाळावर चिकटलेले केस, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब, आणि काहीतरी नुकतंच आठवून हसू दाबल्यासारखी जिवणी. तो डावरा होता. त्याची घडी उलट्या बाजूला उघडे, आणि गठ्ठ्यात एक घडी उलटी असली की इस्पितळातल्या परिचारिकांचा हात अडतो म्हणून मुकादमबाईंनी त्याला पहिल्याच आठवड्यात दोनदा झापलं होतं. तेव्हा ठकीनेच त्याला शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत, रिकाम्या टेबलावर, एक जुना टॉवेल घेऊन. "उजवा हात वर. उजवा! तू जेवतोस तो नव्हे." शाळेतही हेच झालं होतं. डाव्या हाताने लिहू नये म्हणून बाई त्याचा डावा हात रुमालाने बाकाच्या पायाला बांधून ठेवत, आणि शेजारी बसलेली, तेव्हा वर्षभर त्यांच्याकडेच राहायला आलेली ठकी बाकाखालून ती गाठ सोडून देई. सोडायचीही तीच, आता बांधायलाही तीच. महिन्याभरात त्याचे हात उजवे झाले. मुकादमबाई एकदा गठ्ठा उलगडून म्हणाल्या, "आता माणसात आलास." ती शाबासकी घेऊन तो घरी गेला तर जेवताना आई म्हणाली, "ठकीनं शिकवलं हो त्याला." बाबांनी वर्तमानपत्राच्या आडून हुंकार भरला, आणि त्या हुंकारात त्या महिन्याची त्याची सगळी मेहनत कुणा दुसऱ्याच्या नावावर जमा झाली.

पांढऱ्या कार्डाचा खुलासा जेवणाच्या सुट्टीच्या आतच झाला. रोलरवरच्या काकूंच्या तोंडात तीळ भिजत नसे. "अरे, तुझी बहीण दुपारपासून पलीकडे जाणार," त्या म्हणाल्या. "सकाळी इथं, दुपारी तिथं. पलीकडे पिवळ्याला पाठवता येत नाही, कायदाच आहे. म्हणून पांढरं. आणि उन्हाळ्यानंतरही तीच राहणार म्हणे." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून, "असा काय चेहरा करतोस? बहीण कमावतेय, तू मिरव."

पलीकडे म्हणजे भिंतीपलीकडे. धुलाईघराच्या मधोमध एक भिंत होती आणि तिच्यात बसवलेली सहा मोठी मशिनं. प्रत्येक मशीनला दोन दारं. पलीकडच्या दारातून इस्पितळांचे मळके कपडे आत जात, अलीकडच्या दारातून धुतलेले बाहेर येत. दोन्ही दारं एकाच वेळी कधी उघडत नसत. अलीकडचं दार उघडं असलं की पलीकडे लाल दिवा लागे आणि तिकडचं दार कितीही ओढलं तरी हलत नसे. मळ अलीकडे येऊ नये म्हणून ही तजवीज. पलीकडची माणसंही आंघोळ करून, कपडे बदलून, मागच्या दाराने घरी जात. तिकडे काय असतं हे अलीकडच्यांना फक्त वासावरून आणि विनोदांवरून माहीत होतं. रक्त, पू, ओकाऱ्या, चादरीत विसरलेल्या सुया. कुणी रजेवर गेलं की काकू म्हणत, "पलीकडे गेला की काय रे?" तिथे जायला कुणी तयार नसे. त्यालाही कालपर्यंत तिथे जायचं नव्हतं. पण आज, रोलरच्या वाफेत उभं राहून, त्याला एकच प्रश्न डासासारखा कानाशी घोंघावत राहिला: मला का नाही विचारलं? नाही म्हणण्याचा सुद्धा मान मला का नाही दिला? घाणीचा हेवा वाटू शकतो हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. वाटत होता. भिंतीपलीकडचा तो काळोखा, आंबूस वासाचा भाग, जिथे त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं, तो त्याला आपल्या हातून हिरावून घेतलेल्या जहागिरीसारखा वाटू लागला.

दुपारी ठकी गेली. जाताना तिने आपला फडका टेबलाच्या कडेला वाळत टाकला आणि म्हणाली, "मोठ्या चादरी काकूंबरोबर घे. त्या बुटक्या आहेत, वाक जरा. मोडणार नाहीस." तिच्या जागेपाशी, भिंतीतल्या खिळ्याला, चिठ्ठ्यांचं पुडकं लोंबत होतं. प्रत्येकाच्या जागेपाशी तसं एक असे. दहा घड्यांचा गठ्ठा झाला की त्याला बांधलेल्या पट्टीखाली आपल्या नंबराची चिठ्ठी सरकवायची. म्हणजे गठ्ठ्यात खोट निघाली तर ती कुणाची हे कळावं. फाटलेलं शिवता येई, डाग पुन्हा धुता येई. पण ओली घडी हा इथला एकमेव अक्षम्य गुन्हा होता. अर्धवट वाळलेली एक चादर गठ्ठ्याच्या मधोमध राहिली की ती वरून काही सांगत नाही. आतल्या आत घुमत राहते. दोन दिवसांत तिची ओल वरच्या-खालच्या घड्यांत उतरते, चौथ्या दिवशी दहाच्या दहा चादरी कुबट होतात, बुरशीचे करडे ठिपके धरतात, आणि असा गठ्ठा इस्पितळात उघडला की मुकादमबाईंना तिथून फोन येतो. त्यांचा नियम सगळ्यांना पाठ होता: ओली घडी, पांढऱ्याचं पिवळं आणि पिवळ्याचं घर.

ते त्याने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, आणि न ठरवता केलं असंही नाही. दुपारी लहान चादरींचा ढीग आला. रुग्णाच्या कमरेखाली आडव्या घालतात त्या, एकट्याने घडी घालायच्या. वाळवणीचं तीन नंबरचं मशीन थंड पडत होतं. त्यातून निघालेल्या ओलसर चादरी लाल टोपलीत टाकायच्या, पुन्हा वाळायला जाण्यासाठी. तो टाकत होता. एक, दोन, तीन. चौथी हातात आली तेव्हा ती गार होती, माणसाच्या ताप उतरलेल्या कपाळासारखी, आणि तो गारवा त्याला आवडला. इतक्या वेळच्या चटक्यांनंतर हातांना तो हवासा वाटला. चादर टोपलीकडे गेली नाही. टेबलावर गेली. त्याने तिची घडी घातली, चार घड्यांवर ठेवली, वर पाच कोरड्या घड्या रचल्या, तळहाताने दाबलं. हात विलक्षण मोकळे, कितीतरी दिवसांनी सुटी मिळाल्यासारखे चालले होते. मग त्याने खिळ्याकडे हात लांब केला. लांब हातांचा एवढा उपयोग. जागचं हलावं लागलं नाही. चौदा नंबरची चिठ्ठी पट्टीखाली सरकली. संध्याकाळची गाडी पाचला आली, गठ्ठे चढले, मागचं दार आपटलं. गाडी वळणापलीकडे गेल्यावर त्याला तहान लागल्याचं कळलं आणि तो नळाला तोंड लावून इतकं पाणी प्यायला की काकू म्हणाल्या, "अरे, इस्पितळाला थोडं ठेव."

त्या संध्याकाळी दोघं नेहमीसारखे पायी घरी निघाले. ठकीचे केस ओले होते आणि अंगाला औषधी साबणाचा झोंबणारा वास येत होता. दुकानांच्या काचांत दोघांची प्रतिबिंबं चालत होती, एक लांब, एक आखूड, घड्याळाच्या काट्यांसारखी.

"पांढरं झालं म्हणे," तो म्हणाला.

"झालं बाबा."

"पार्टी?"

"कसली पार्टी! नाकातून वास जाईना अजून. आज काय निघालं माहितेय? चादरीतून कवळी. वरची. मी उचलली तर हातात हसतेय." ती स्वतःच हसली, मग थांबली. "कुणीतरी तिकडे बिनदाताचं जेवत असेल आता."

"तुलाच का विचारलं त्यांनी?"

"मला कुठे विचारलं? मुकादमबाई म्हणाल्या, पिवळ्यांतलं कोण जाईल पलीकडे? मी तुझं नाव सांगितलं. म्हटलं, आमचा लांबू जाईल, त्याला कायम व्हायचंय, कॉलेज आहे त्याचं."

तो चालत राहिला. "मग?"

"जाऊ दे ना."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्याला नको. तो चादर उचलायच्या आधी तिच्याकडे बघत बसतो. पलीकडे बघत बसणाऱ्याचं काम नाही." तिने त्याच्या दंडाला चापट मारली. "खोटं आहे का सांग? मग मीच जाते म्हटलं. नाहीतर दोघंही पिवळेच राहिलो असतो; त्यात काय शहाणपण? आणि मला खोली घ्यायचीय रे. एकच खिडकी असली तरी चालेल. मावशीच्या सोफ्याची शिवण उमटलीय माझ्या पाठीवर. तुला तुझी खोली आहे, दार आहे, दाराला कडी आहे. तुला नाही कळायचं."

गाडी तासापूर्वी गेली होती. तरी त्या क्षणी सांगता आलं असतं. सकाळी लवकर जाऊन, इस्पितळाच्या कपाटातून, काहीतरी कारण काढून तो गठ्ठा परत आणता आला असता. ही शक्यता त्याच्याबरोबर चौकापर्यंत चालत आली. पण तिने त्याचं नाव सांगितलं होतं, हे त्याला तिने नाव न सांगण्यापेक्षा अधिक लागलं होतं. त्याच्या वाट्याचं जे होतं ते आधी तिच्या हातात आलं, तिने ते त्याला देऊ केलं, आणि मग तो लायक नाही म्हणून तिच्याकडेच राहिलं: पुन्हा तेच दार, तोच उजेड, तळहातावर राखलेली तीच फोड. चौकात शक्यता थांबली. तो पुढे गेला.

मग चार दिवस त्याने वाट पाहिली. वाट पाहणं हेही एक काम असतं, आणि त्याचा रोज कुणी देत नाही. इस्पितळातल्या कुठल्याशा कपाटात, मिटलेल्या काळोखात, तो गठ्ठा होता. कदाचित सगळ्यांत खाली. कदाचित त्याच्यावर रोज नवे गठ्ठे येऊन पडत असतील आणि तो महिनाभर उघडणार नाही. कदाचित आज. रोलरपाशी फोन वाजला की त्याच्या हातातलं टोक सुटे. घरी मात्र उत्सव होता. आईने मावशीला कळवलं, शेजारी कळवलं, पोस्टमनलाही कळवलं असावं. "पोरगी वाघीण आहे," आई म्हणाली, "पडेल ते काम करते. नाहीतर काही लोक." काही लोक ताटावर मान घालून जेवत होते. ठकी म्हणाली, "मावशी, त्याला बोलू नकोस गं, तो थकतो." दुसऱ्या रात्री झोपेत त्याला आपल्या छातीत काहीतरी गार, चौकोनी, नीट दुमडलेलं ठेवलेलं जाणवलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या चादरीची भिंत खाली आली आणि तिचा चेहरा वीतभरावर उगवला, तेव्हा त्याला एकाएकी वाटलं की हा चेहरा दिवसातून इतक्या वेळा दिसतो म्हणूनच आपल्याला जगता येतंय. आणि त्याच श्वासात वाटलं की हा चेहरा इथून जावा. दोन्ही खरं होतं. टोकाला टोक बरोबर जुळत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी तो गठ्ठा टेबलावर होता.

कुणी सांगायची गरज नव्हती. कुबट वास वाफेतूनही येत होता, बंद घराचा असतो तसा. मुकादमबाईंनी काम थांबवलं. रोलर थांबला की धुलाईघरात ऐकू येणारी शांतता फार मोठी असे. सगळे टेबलाभोवती जमले. मुकादमबाईंनी चिठ्ठी उचलून धरली.

"चौदा."

"बाई, तिचं नाही हो असं होत कधी," काकू म्हणाल्या. "सात आठवड्यांत एक घडी परत आली नाही पोरीची."

"मी काही विचारलं का?" मुकादमबाईंनी वरच्या घड्या एकेक करून बाजूला ठेवल्या. करडे ठिपके खाली खाली दाट होत गेले. त्या खालून पाचव्या घडीपाशी थांबल्या. भाजलेल्या हाताची बोटं घडीच्या कडेवरून अगदी हळू फिरली, आंधळा माणूस ओळखीच्या तोंडावरून फिरवतो तशी. त्यांनी कड उचलली, आणि ती घडी डाव्या बाजूला उघडली.

मग तिच्या वरची उघडली. तीही डावीकडे. ओली धरून वरच्या सगळ्या सहा.

त्याला वाटलं, आपण चिठ्ठी बदलली पण हात बदलायचे राहिले. त्या दुपारी हात इतके मोकळे का चालले होते ते आता त्याला समजलं. महिन्याभरात उजवे झालेले ते हात, एका गार चादरीसरशी, आपल्या जन्माच्या बाजूला परत गेले होते. बाकाखालची गाठ सुटावी तसे. आणि ती गाठ कुणी सोडली नव्हती. ती त्याची त्यानेच सोडली होती. त्याने ठकीकडे पाहिलं नाही. ती त्या घडीकडे पाहते आहे हे त्याला न पाहताही दिसत होतं.

"ही घडी तुझी?" मुकादमबाईंनी विचारलं. विचारलं ठकीला, डोळे मात्र त्याच्यावर होते.

ठकीने हात फडक्याला पुसले.

"चिठ्ठी माझी आहे," ती म्हणाली.

"मी चिठ्ठी नाही विचारली."

"घडीपण माझीच. घाईत होते, पलीकडे जायचं होतं."

मुकादमबाईंनी घडी पुन्हा घातली, उजव्या बाजूची, अत्यंत नेटकी, जणू ती आता धुतल्याशिवायच वापरायची होती. "बरं," त्या म्हणाल्या. "नियम माहीत आहे. कार्ड आजपासून पिवळं. कायमचं विसर." मग टेबलाला हात टेकून सरळ होत, "पलीकडे माणूस लागतोच. लांबू, आज दुपारपासून तू. उद्यापासून पूर्ण दिवस. सकाळचं इथलं काम तुला नको."

"पण बाई, तुम्ही तर म्हणाला होतात की मी..." तो म्हणाला.

"बघत बसतोस म्हणाले होते. आता बघायचं ते बघून झालं असेल." त्यांनी त्याच्या हातात कार्ड दिलं. पांढरं. "कायम हवं होतं ना? घे. कायम."

जेवणाच्या सुट्टीत ठकी मागच्या पायरीवर बसून पाव खात होती. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"बस," ती म्हणाली. "उन्हात उभा राहून आणखी लांब होशील."

"तू का सांगितलंस तसं?"

"मग काय सांगू? तुझी सांगितली असती तर तू आज घरी गेला असतास. मावशीने विचारलं असतं, का रे. मग मावशी दोन दिवस जेवली नसती, आणि मला त्या सोफ्यावर अजून तीन आठवडे झोपायचंय." तिने पावाचा तुकडा मोडला, खाल्ला, शांतपणे चावला. "शाळेतल्या त्या बाई तुझा डावा हात बांधायच्या, आठवतं?"

"आठवतं."

"मी उगाच सोडायचे." ती हसली नाही. निदान हसली असती तरी चाललं असतं. "घाबरू नकोस. मी कुणाला सांगणार नाही. मावशीला नाही, आईला नाही, तुझं लग्न झालं तर तुझ्या बायकोलाही नाही. फक्त समोर येशील तेव्हा बघत राहीन. माझा रोज निम्मा झाला ना? उरलेला मी असा घेईन." आणि उठून, चुरा झटकून, जाता जाता, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तिने त्याला नात्याने हाक मारली. "चल दादा. भोंगा झाला."

पलीकडे उजेड कमी होता. वासाबद्दल त्याने जे ऐकलं होतं ते सगळं खरं होतं, आणि तासाभरात त्या वासाचं काही वाटेनासं झालं, हेही. हातात कोपरापर्यंत मोजे, तोंडावर फडकं, पायांत दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचे गमबूट. पोतं सोडायचं, चादर झटकायची, सुई नाही ना पाहायचं, मशीनच्या तोंडात द्यायची. तो न पाहता उचलायला शिकला. त्याला हवं होतं ते त्याच्या खिशात होतं. जाड, कोरं, एका कोपऱ्याने मांडीला टोचणारं. काकाच्या स्टुलावरची गादी रिकामी राहणार होती. आई आज काहीतरी गोड करणार होती, ठकीचं गेलं याची हळहळ आणि त्याचं झालं याचा आनंद एकाच चमच्याने वाढणार होती. हे सगळं त्याने मनात एकदा फिरवून पाहिलं आणि त्याला आश्चर्य वाटलं की त्यात कुठेच आनंद नाही. आहे तो तोच जुना हेवा, फक्त त्याने कूस बदलली आहे. भिंतीपलीकडे, जी आता त्याच्या दृष्टीने पलीकडची बाजू झाली होती, रोलर चालू झाल्याची घरघर आली. तिथे उजेड होता. तिथे ती कुणाबरोबर तरी मोठ्या चादरीची दोन टोकं धरून उभी असेल. हात वर, भिंत, मग पावलं, मग भिंत खाली. आणि दुसऱ्याच कुणापुढे, वीतभर अंतरावर, तो चेहरा उगवत असेल. दिवसाला तीनशे वेळा. निम्म्या रोजावर.

त्याच्या समोरचं मशीन थांबलं. आत काहीतरी निचरत गेलं. त्याने पुढचा ढीग छातीशी धरला आणि दाराच्या कडीला हात घातला. कडी हलली नाही. वर लाल दिवा लागला होता. अलीकडे, म्हणजे तिकडे, कुणीतरी दार उघडून धुतलेल्या चादरी काढून घेत होतं. जाड काचेतून काही दिसत नव्हतं. नुसती वाफ, आणि वाफेत एखादी हालचाल. चादरी काढायला दोन मिनिटं लागतात हे त्याला माहीत होतं. दोन मिनिटं झाली. पाच झाली. ओझ्याने त्याचे हात भरून आले, मोज्यांतून घाम मनगटावर उतरला. मशीन रिकामं झालं होतं, आतली वाफसुद्धा विरली होती, तरी दार उघडंच होतं, आणि ते कुणी उघडं धरलंय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो डोळे दिव्याकडे लावून, ढीग छातीशी कवटाळून उभा राहिला. दिवा विझेपर्यंत थांबणं भाग होतं. आणि तिला कसलीच घाई नव्हती.